चुकीच्या जागी अगदी बरोबर हाड: हॅरी ईस्टलॅकच्या सांगाड्याचं प्रकरण

मेलेल्या माणसाची हाडं स्वच्छ केली की ती सुटी होतात. पुन्हा माणसाचा आकार द्यायचा तर तारा, पट्ट्या, गोंद असा सगळा सरंजाम लागतो. फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममधला हॅरी ईस्टलॅकचा सांगाडा मात्र फारच थोड्या आधारावर उभा आहे, कारण त्याची हाडं जिवंतपणीच एकमेकांना जोडली गेली होती. पाठीवर हाडाचे पातळ पत्रे आहेत. सांध्यांवरून हाडाचे पूल गेलेत. जबडा बंद आहे.

हॅरी १९३३ साली जन्मला. जेमतेम पाच वर्षांचा असेल, बहिणीबरोबर खेळताना त्याचा डावा पाय मोडला. हाड नीट जुळलं नाही, आणि पुढे खुबा आणि गुडघा आखडत गेले. मांडीच्या स्नायूंत हाड तयार होत होतं. डॉक्टरांनी त्या काळी कुणीही केलं असतं तेच केलं: ते हाड कापून काढलं. कापलेल्या जागी पुन्हा हाड आलं, आणि आधीपेक्षा जास्त आलं. अशा शस्त्रक्रिया एकदा नाही, अनेकदा झाल्या. ऐन तारुण्यात मणके सांधले गेले, मग जबडा. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूमोनियानं तो गेला तेव्हा चाळिसावा वाढदिवस काही दिवसांवर होता आणि शरीराचे ओठच काय ते त्याला हलवता येत होते. देह संशोधनासाठी द्यावा, ही त्याचीच इच्छा.

आजाराचं नाव फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे एफओपी म्हणतात. साधारण दहा ते वीस लाखांत एकाला होतो. नवा मुळीच नाही. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन फ्रेक यांनी १७३६ साली चौदा-एक वर्षांच्या एका मुलाचं वर्णन लिहून ठेवलंय. त्याच्या पाठीवर मानेपासून माकडहाडापर्यंत हाड पसरलं होतं, आणि त्याच्या फांद्या पोवळ्याच्या फांद्यांसारख्या एकमेकींत मिसळल्या होत्या. पुढची अडीचशे वर्षं डॉक्टरांच्या हाती वर्णनापलीकडे फारसं काही नव्हतं.

हा लेख खरं तर मूळपेशींबद्दल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या ऊती बनू शकतात त्या पेशींबद्दल, आणि त्यांना काय व्हायचं ते सांगणाऱ्या प्रथिनांबद्दल, म्हणजे ग्रोथ फॅक्टरबद्दल आहे. मग एवढा दुर्मीळ आजार का घ्यावा? कारण पाठ्यपुस्तकात हा विषय फार सरळ दिसतो: अमुक प्रथिन आलं, पेशीनं ऐकलं, हाड झालं. संदेश जास्त तर हाड जास्त, कमी तर कमी. एफओपीमध्ये हे गणित जुळत नाही. इथं संदेश नेहमीचाच आहे, पेशीही नेहमीच्याच. बिघाड आहे तो ऐकणाऱ्या कानात.

अंगठा

एफओपी झालेलं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. खूण एकच, आणि ती पायात. दोन्ही पायांचे अंगठे आखूड असतात, शेजारच्या बोटांकडे वळलेले असतात, आणि बऱ्याचदा त्यांत एक सांधाच नसतो. हाडांना आकार देणारा संदेश गर्भातच थोडा बिघडलेला असतो, त्याची ही निशाणी. मग पहिल्या दशकात कधीतरी मानेवर किंवा पाठीवर गाठ येते: लाल, गरम, दुखरी, रातोरात वाढणारी. आईबाप घाबरतात, डॉक्टरही घाबरतात. कॅन्सर असेल म्हणून सुई घातली जाते, तुकडा काढला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली वेगानं वाढणारी तंतुमय ऊती दिसते, त्यामुळे संशय आणखी बळावतो. आणि जिथं सुई गेली तिथं हाड येतं.

२००५ साली १३८ रुग्णांची माहिती गोळा करून प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८७ टक्के रुग्णांचं सुरुवातीचं निदान चुकलं होतं. ६७ टक्के रुग्णांवर बायोप्सीसारखे, गरज नसलेले उपचार झाले होते. आणि ४९ टक्के रुग्णांनी सांगितलं की या उपचारांमुळेच त्यांची कुठली ना कुठली हालचाल कायमची गेली. म्हणजे जवळजवळ निम्म्या रुग्णांचं नुकसान आजाराबरोबरच चुकलेल्या निदानानंही केलं होतं. हे आकडे वाचून डॉक्टरांना दोष द्यावासा वाटतो खरा, पण अख्ख्या कारकिर्दीत एफओपीचा एकही रुग्ण न पाहिलेला डॉक्टर गाठ बघेल की अंगठा?

आपल्याकडे हा मुद्दा जास्त टोकदार आहे. भारतातल्या रुग्णांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत अधूनमधून येतच असतात. दहा लाखांत एक हा अंदाज धरला तरी आपल्या लोकसंख्येत हजाराहून जास्त रुग्ण असायला हवेत. आपल्याकडे बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या स्नायूत टोचतात. ती तशीच टोचायची असते, त्यात वावगं काही नाही. पण एफओपीच्या बाळाला स्नायूतलं इंजेक्शन म्हणजे तिथं हाड उगवण्याचं निमंत्रण ठरू शकतं. त्वचेखालची टोचणी किंवा शिरेतून रक्त घेणं त्या मानानं सुरक्षित. दात काढताना जबड्यात दिलेलं भुलीचं इंजेक्शनही तसंच घातक. त्यानं जबडा कायमचा बंद झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून बाळाचे दोन्ही अंगठे वाकडे दिसले की आधी रक्ताची जनुकीय तपासणी करावी. त्याला सुईच्या टोकाएवढीही बायोप्सी लागत नाही.

हाड होतं कसं

एफओपीतलं जादा हाड काही वेडंवाकडं कॅल्शियम नसतं. मार लागल्यावर आधी दाह होतो, स्नायूचे तंतू मरतात. मग तंतुमय पेशींचा लोंढा येतो. त्यांतून कूर्चा, म्हणजे कानात असते तशी लवचिक ऊती, तयार होते, कूर्चेत रक्तवाहिन्या शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड बसतं. त्या हाडात मज्जासुद्धा असते. गर्भात हातापायांची हाडं बनतात ती याच क्रमानं, आणि मोडलेलं हाड सांधतं तेही बरंचसं असंच. हाड उत्तम प्रतीचं असतं. फक्त ते स्नायूत, कंडरेत, अस्थिबंधात तयार झालेलं असतं. क्रमही ठरलेला: आधी पाठ, मान, खांदे, मग खाली आणि हातापायांच्या टोकांकडे. श्वासपटल, जीभ, डोळे हलवणारे स्नायू आणि हृदय यांना मात्र हा आजार शिवत नाही. तरी श्वास शेवटी अडतोच, कारण छातीचा पिंजरा फुलेनासा होतो.

हाड बनवणाऱ्या या पेशी येतात कुठून? बराच काळ संशय रक्तावर होता. मग असा एक रुग्ण सापडला ज्याला एफओपी तर होताच, शिवाय अप्लास्टिक अॅनिमियासाठी, म्हणजे मज्जेत रक्तपेशी पुरेशा न बनण्याच्या आजारासाठी, पूर्वी मज्जारोपणही झालं होतं. त्याच्या रक्तपेशी निरोगी दात्याच्या. हाड जर रक्तातल्या मूळपेशींपासून बनत असेल, तर त्याचा एफओपी बरा व्हायला हवा होता. झाला नाही. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती तोवर आजार शांत होता. ती थांबल्यावर पुन्हा उसळला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या एका प्रकरणानं दोन गोष्टी एकदम सांगितल्या. हाड बनवणाऱ्या पेशी रक्तातल्या नाहीत. आणि रक्तातल्या पेशी, अगदी निरोगी दात्याच्या असल्या तरी, ठिणगी टाकतात. मला या सगळ्या गोष्टीत हा रुग्ण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एवढा नेटका प्रयोग कुणी मुद्दाम आखला असता तर नीतिसमितीनं दारातूनच परत पाठवला असता.

पुढे २०१० मध्ये रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी मूळपेशींसारख्या बनून हाड करतात, असं मांडलं गेलं. कल्पना आकर्षक होती, पण उंदरांमध्ये पेशींना जनुकीय खुणा करून त्यांची वंशावळ काढली तेव्हा ती टिकली नाही. बोट वळलं ते स्नायूतंतूंच्या मधल्या जागेत राहणाऱ्या एफएपी नावाच्या पेशींकडे; तंतू आणि चरबी दोन्ही बनवू शकणाऱ्या या पूर्वजपेशी. स्नायू नीट असताना त्या पडून असतात. मार लागला की झपाट्यानं वाढतात, स्नायूच्या स्वतःच्या मूळपेशींना दुरुस्तीत मदत करतात, आणि काम झालं की बहुतेक मरून जातात. स्नायूला नवे तंतू देणाऱ्या उपग्रह पेशी वेगळ्या. त्यांचा या हाडाशी संबंध नाही. कनेक्टिकट विद्यापीठातल्या गोल्डहॅमर यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की बिघडलेलं जनुक फक्त एफएपीमध्ये असलं तरी उंदराच्या स्नायूत हाड तयार होतं. दुरुस्तीला आलेल्या पेशी मरून जायच्या ऐवजी कूर्चा बनवायला बसतात.

संदेशाचा माग

संदेश कोणता, याचा सुगावा फार पूर्वीच लागला होता. लॉस एंजलिसमधल्या मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथं नवं हाड उगवतं. म्हणजे हाडातच काहीतरी असं होतं, जे स्नायूतल्या पेशींना हाड व्हायला सांगत होतं. त्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, बीएमपी, असं नाव पडलं. १९८८ मध्ये त्यांची जनुकं हाती लागली. ही प्रथिनं टीजीएफ-बीटा या मोठ्या घराण्यातली. पेशीच्या पृष्ठभागावर संदेश घेणारी प्रथिनं असतात, ती म्हणजे रिसेप्टर; दोन प्रकारच्या रिसेप्टरना बीएमपी जोडतात. त्यांतला एक दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवून जागा करतो. जागा झालेला रिसेप्टर आत स्मॅड१ आणि स्मॅड५ या प्रथिनांना कामाला लावतो. ती केंद्रकात जातात आणि कूर्चेची, हाडाची जनुकं सुरू होतात.

योगायोग असा, की १९८८ मध्येच फ्लोरिडात जीनी पीपर या स्वतः एफओपी असलेल्या बाईंनी रुग्णांची संघटना सुरू केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले मायकेल झासलॉफ यांच्याकडून इतर रुग्णांचे पत्ते मिळाले, पत्रं गेली, आणि सुरुवातीला ११ जण जमले. तोवर यांतल्या बहुतेकांनी आपल्यासारखा दुसरा माणूस पाहिलाही नव्हता. जनुक शोधायचं तर कुटुंबं लागतात, आणि एफओपी आईबापाकडून मुलाकडे गेलेली कुटुंबं जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे आपापल्या घरातले पहिले रुग्ण. रुग्णांनी स्वतः हे जाळं विणलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं माझं मत आहे.

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फ्रेडरिक कॅपलन आणि आयलीन शोर या शोधामागे लागले होते. आधी बीएमपी-४ संशयित ठरलं. १९९६ मध्ये रुग्णांच्या रक्तपेशींत ते जास्त आढळल्याचा निबंध आला. पण खुद्द त्या प्रथिनाच्या जनुकात खोट सापडेना. एप्रिल २००६ मध्ये उत्तर आलं: एसीव्हीआर१ नावाचं जनुक, दुसऱ्या गुणसूत्रावरचं. बीएमपीचा एक रिसेप्टर यातून बनतो, ५०९ अमिनो आम्लांचा. त्यांतल्या २०६ व्या जागी आर्जिनीन हवं तिथं हिस्टिडीन आलेलं. सगळ्या जनुकसंचात एका अक्षराचा फरक. आणि नेहमीचा, ठरावीक एफओपी असलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांमध्ये हाच एक फरक. आनुवंशिक आजारांत इतकी एकवाक्यता क्वचित दिसते.

रुमाल

मग सरळ निष्कर्ष निघाला, की रिसेप्टर सतत चालू राहत असणार. बदललेली जागा अशी आहे जिथं एफकेबीपी१२ हे प्रथिन बसून रिसेप्टरला उगाच जागं होऊ देत नाही. तिथली पकड सैल होते, हेही खरं होतं. पण मग एक प्रश्न उरतो. सतत चालू आहे तर हाड सतत का तयार होत नाही? महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रुग्ण ठीक असतो, आणि एखाद्या धक्क्यानं, तापानं किंवा कारणाशिवायही आजार उसळतो.

उत्तर २०१५ मध्ये दोन ठिकाणांहून आलं: अमेरिकेतल्या रीजेनेरॉन कंपनीच्या प्रयोगशाळेतून आणि क्योटो विद्यापीठातून. दोघांनी नाव घेतलं अॅक्टिव्हिन-ए चं. हे प्रथिनही त्याच घराण्यातलं, पण त्याचा नेहमीचा रस्ता वेगळा. वेगळा रिसेप्टर, आत स्मॅड२ आणि स्मॅड३. एसीव्हीआर१ वर ते बसतं, पण काम काहीच करत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं: सीट अडते, बीएमपीला बसता येत नाही, पण रुमाल काही तिकीट काढत नाही. म्हणजे निरोगी माणसात अॅक्टिव्हिन-ए हे हाडाच्या संदेशाला लगाम घालणारं प्रथिन. २०६ वं अमिनो आम्ल बदललेल्या रिसेप्टरवर मात्र तोच रुमाल प्रवासी होतो. अॅक्टिव्हिन जोडलं की रिसेप्टर बीएमपी आल्यासारखा वागतो आणि स्मॅड१ व स्मॅड५ कामाला लागतात.

रीजेनेरॉनच्या गटानं उंदीर असे तयार केले की बिघाड जन्मानंतर, हवा तेव्हा सुरू करता येईल. अॅक्टिव्हिन रोखणारी अँटिबॉडी दिल्यावर या उंदरांत नवं हाड तयार होणं थांबलं. क्योटोच्या गटानं माणसाच्या पेशी घेतल्या. रुग्णांच्या पेशींपासून आयपीएस मूळपेशी (साध्या पेशी मागे नेऊन प्रयोगशाळेत केलेल्या मूळपेशी) बनवल्या, आणि त्यांतल्याच काहींमधलं ते एक अक्षर दुरुस्त करून तुलनेसाठी जोडी तयार केली. दोन्हींत बाकी सगळं एकच, फरक फक्त त्या अक्षराचा. अॅक्टिव्हिन-ए दिल्यावर दुरुस्त न केलेल्या पेशी कूर्चेच्या वाटेला लागल्या, दुरुस्त केलेल्या लागल्या नाहीत. मूळपेशी काय होईल हे फक्त तिच्यापर्यंत काय पोचलं यावर ठरत नाही, ती ते कशी वाचते यावर ठरतं, याचा इतका स्वच्छ पुरावा माझ्या वाचनात दुसरा नाही.

आता मज्जारोपण झालेला तो रुग्ण कळतो. दाह झाला की प्रतिकारपेशी अॅक्टिव्हिन-ए सोडतात, कुणाच्याही शरीरात. दात्याच्या निरोगी पेशीही तेच करत होत्या. एफओपीत हे नेहमीचं रसायन एफएपीपर्यंत पोचतं आणि तिथं चुकीचं वाचलं जातं. गोल्डहॅमर यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दिसली. रुग्णाकडे जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी चांगली. ही चांगली प्रत काढून टाकली तर उंदरांत हाड कितीतरी जास्त झालं. म्हणजे निरोगी रिसेप्टर अॅक्टिव्हिनला आपल्याकडे अडकवून ठेवून थोडंफार संरक्षण करतच असतो.

औषधं

यंत्रणा कळली की औषध दूर नाही, असं वाटतं. इथं प्रत्येक औषधानं यंत्रणेबद्दल काहीतरी नवं शिकवलं, कधी वाईट पद्धतीनं. रिसेप्टरलाच अडवावं म्हणून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. उंदरांत हाड कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. अँटिबॉडीला दोन हात असतात. तिनं दोन बिघडलेले रिसेप्टर जवळ आणले आणि तेवढ्यानंच ते जागे झाले. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पॅलोव्हॅरोटीन खालच्या पायरीवर काम करतं. कूर्चा तयार व्हायला पेशीतला रेटिनॉइक आम्लाचा संदेश खाली जावा लागतो; हे औषध तो वर ठेवतं, म्हणजे कूर्चाच होत नाही. अमेरिकेत त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली. औषध न घेतलेल्या रुग्णांच्या नोंदींशी तुलना करता नव्या हाडाचं वार्षिक प्रमाण निम्म्याहून कमी भरलं. पण मुलांच्या हाडांची लांबी वाढते तीही टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतूनच, आणि औषधाला ही कूर्चा आणि ती कूर्चा यांतला फरक कळत नाही. काही मुलांची वाढ वेळेआधीच थांबली. म्हणून मुलींना आठ आणि मुलग्यांना दहा वर्षांच्या आत ते देत नाहीत. युरोपच्या नियामकानं त्याच वर्षी त्याला नकार दिला.

क्योटोच्या गटानं आयपीएस पेशींवर औषधं तपासत पेशीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारा एमटॉर हा संदेशमार्ग पकडला आणि प्रतिकारशक्ती दाबणारं जुनं औषध, सिरोलिमस, घेऊन २०१७ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू केली.

थेट अॅक्टिव्हिनवर नेम धरणारी अँटिबॉडी म्हणजे रीजेनेरॉनची गॅरेटोस्मॅब. पहिल्या मोठ्या चाचणीत ४४ प्रौढ रुग्ण होते. नवं हाड तयार होणं बऱ्यापैकी थांबलं, पण नाकातून रक्त येणं, भुवया-पापण्या गळणं, गळवं होणं असे त्रास दिसले, आणि सगळ्यांना औषध देण्याच्या टप्प्यात पाच रुग्ण दगावले. ऑक्टोबर २०२० मध्ये चाचणी रोखली गेली. मृत्यूंना मूळ आजार आणि इतर दुखणी कारणीभूत असावीत असं २०२३ च्या निबंधात म्हटलं आहे. मात्र ४४ जणांत पाच हा आकडा कुणीही हलक्यात घेतला नाही. त्यानंतरच्या चाचणीत नव्या हाडाच्या जागा किमान ९० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं २०२५ मध्ये जाहीर केलं. ही चाचणीही प्रौढांवरचीच. एफओपीत गाठी येऊ लागतात त्या बहुतेकांना दहा वर्षांच्या आत, म्हणजे औषधाची खरी गरज तेव्हा. आणि अॅक्टिव्हिन-ए शरीरात इतरही कामं करतं: जखम भरण्यात त्याचा वाटा आहे, पिट्यूटरी ग्रंथीतून एफएसएच हे प्रजननग्रंथींना चालना देणारं संप्रेरक सुटण्यातही आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलात ते वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर वयात येण्यावर काय परिणाम होईल, हे मुलांवरच्या चाचण्यांतच तपासावं लागेल.